बिननखी अंगठा

पनवेलच्या मोहल्ल्यात लग्न ठरलं की हॉल आणि मंडपाच्या आधी गुलशनला सांगावा जातो. तांदळाच्या रोट्या तिच्याच हातच्या हव्यात. रोट्या काय, सगळ्याच बायका थापतात, पण गुलशनची रोटी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, आणि ती करामत उकडीची. उकळत्या पाण्यात शिजवलेलं पीठ वाफ निवायच्या आत मळावं लागतं. बाकीच्या जणी पोळतं म्हणून वाटीच्या बुडाने रगडतात. गुलशन हातानेच मळते, मनगटाचा सगळा भार अंगठ्यावर टाकून. तव्यावरची रोटीही ती अंगठ्याच्या कडेनेच उलटते. इतक्या वर्षांत नखाशेजारची तिची कातडी अशी टणक झालीय की सुई टोचली तरी तिला आधी कळत नाही.

ही बाई गिटार वाजवते म्हटलं की माणसं हसतात. हसोत बापडी. हसायला अक्कल लागत नाही.

गिटार आणली तिच्या नवऱ्याने, अलीने. तो बहारीनला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. तिथे संध्याकाळी वाजवणारा एक स्पॅनिश म्हातारा नोकरी सोडून गावी निघाला, तेव्हा जुनी गिटार अलीच्या गळ्यात मारून गेला. अलीने ती मुलासाठी घरी आणली. मुलाने चार दिवस टुणटुण केलं, मग शिकायला पुण्याला गेला आणि गिटार कपाटावर चढली. एके दुपारी धूळ झाडताना गुलशनचा अंगठा तारेवर पडला. घरभर असा काही जाड आवाज घुमला की ती फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मग तिने मोबाइलवर शोधलं. त्या स्पॅनिश वादनाला फ्लेमेंको म्हणतात, हे तिला तिथेच कळलं. व्हिडिओत एक बाई नुसत्या अंगठ्याने वाजवत होती. बाकीची बोटं गिटारीवर टेकलेली, आणि अंगठा एक तार ओलांडून खालच्या तारेवर जाऊन विसावत होता. तो तार ओढत नव्हता, तारेवर पडत होता, मनगटाच्या वजनासकट. गुलशनने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. उकड मळताना तिचा अंगठा दुसरं काय करत होता?

त्यानंतर ती शार्दूलच्या क्लासला जाऊ लागली. शार्दूल नवीन पनवेलला पोरांना गिटार शिकवतो. तरुण आहे, कळकळीचा आहे, फक्त थोडा हट्टी आहे. क्लासातली पोरं सुरुवातीला तिला मागून 'अंगठाबहाद्दर' म्हणायची. एकदा तिने ते ऐकलं आणि वळून म्हणाली, "हो, हाय मी. तुमच्या चार बोटांनी माझ्या एका अंगठ्याची बरोबरी करून दाखवा."

अडलं ते पुढेच. फ्लेमेंकोत अंगठ्याचं एक काम आहे, त्याला अल्सापुआ म्हणतात. अंगठा खाली येतो, आणि लगेच तसाच वर जातो. खाली येताना अंगठ्याचं मांस लागलं तरी चालतं. वर जाताना मात्र नखाची पाठ तारेला लागली पाहिजे, तरच आवाज खणखणीत येतो. गुलशनला नखच नाही. वाढवलं की त्यात उकड भरते, आणि नखातलं पीठ लोकांच्या रोटीत कोण जाऊ देईल? शिवाय गरम पिठाने नख मऊ होऊन मोडतंच.

"मग खोटं लावा ना ताई," शार्दूल म्हणाला. "गोंदाने बसतं. सगळे लावतात. टोन कसला येतो बघा."

कार्यक्रम जवळ आला होता. क्लासचा वार्षिक कार्यक्रम, आणि त्यात गुलशनचं एकटीचं वादन. एकटीने, पुढे बसून, स्वतःच्या अंगठ्याने वाजवायचं, ही तिची आयुष्यातली पहिली हौस होती, जी तिने कुणाला न विचारता बाळगली होती. म्हणून तिने ऐकलं. सकाळी रोट्यांचं काम उरकून नख चिकटवलं, वाजवलं, आणि खरोखर आवाज असा आला की तिचे डोळे भरून आले. दुपारची अजान झाली. ती वजू करायला, नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, नळापाशी बसली, आणि हात धुता धुता थबकली. वजूचं पाणी नखालाही लागलं पाहिजे. हिच्या नखावर गोंदाचा थर. पाणी वरच्या वर वाहून जात होतं.

घाईघाईत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने खोटं नख ओढलं. त्याबरोबर खऱ्या नखाचा वरचा पापुद्राही सोलून आला. आठवडाभर अंगठा ठणकत होता आणि रोट्या वाकड्या होत होत्या.

पण गुलशन गप्प बसणारी नाही. दुखऱ्या नखाला तार लागू नये म्हणून तिने मनगट जरा बाहेर वळवलं, आणि वर जाताना तारेला लागली ती नखाशेजारची तव्याने भाजलेली कडा. आवाज आला! खणखणीत नव्हे, खरखरीत, पण आला. ती धावतच शार्दूलकडे गेली, आणि खोटं नख नमाजाच्या वजूला का चालत नाही तेही सांगितलं.

त्याने डोळे मिटून ऐकलं. "येतो आवाज," तो म्हणाला. "पण बुडतो, ताई. हॉलमध्ये तिसऱ्या रांगेपुढे जाणार नाही. असं सोलो नको. तुम्ही ग्रुपमध्ये मागे बसा, तिथे चालून जाईल."

"म्हणजे नख लावलं तर पुढं, नायतर मागं?"

"टेक्निकचा प्रश्न आहे ताई, मनाला लावून घेऊ नका."

घरी आली तर नणंद, खैरूनआपा, वाट बघत होती. अली परदेशी, त्यामुळे घरावर आपाची नजर. तिला हे वाजवणं मुळातच पसंत नव्हतं.

"गुलशन, अल्लाहने तुझ्या हाताला रोट्यांची बरकत दिली हाय. ती तारेवर कशाला घालवतेस?"

"रोट्या थापूनच तार धरते ना, आपा?"

"जायचंच असेल तर जा. मी येईन संगती. पण मागं बस. पुढं बसलीस तर मोहल्ल्यात मी तोंड कसं दाखवू?"

गुलशनचं टाळकंच सटकलं. शार्दूल आणि आपा, एकमेकांचं तोंड न बघितलेली दोन माणसं, आणि दोघांचं म्हणणं एकच: मागे बस. एकाला तिची नमाज अडचणीची, दुसरीला तिची गिटार. ती तरातरा गच्चीवर गेली. समोर कर्नाळ्याचा सुळका होता, रोजच्यासारखा, अंगठा वर केल्यासारखा उभा. त्याला कोणी मागे बस म्हटलं नव्हतं. दोन्हीतलं मी काहीच सोडणार नाही, असं ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई चमकून बघायला लागली.

कार्यक्रम दुपारनंतरचा होता. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज पढून गुलशन निघाली. आपा मागोमाग. हॉल भरलेला, पंखे घरघरत होते, पोरांचे आईबाप मोबाइल उंचावून उभे. गुलशन मुकाट्याने मागच्या ओळीत बसली आणि ग्रुपबरोबर वाजवलं. आपाचा जीव भांड्यात पडला.

गाणं संपलं, पोरं उठून आत पळाली. माइक घेऊन सूत्रसंचालन करणारी भाविका पुढचं नाव पुकारणार, तोच गुलशन उठली. पण आत गेली नाही. तिने आपली खुर्ची उचलली, सरळ स्टेजच्या मधोमध आणून ठेवली, आणि बसली.

भाविका गोंधळली. "गुलशनताई, ग्रुपचं झालं. चला ना आत."

"ग्रुपचं झालं. माझं राहिलंय."

"पण लिस्टमध्ये..."

"तू बोल तुझं. मी वाजवते माझं."

विंगेतून शार्दूल हातवारे करत होता. गुलशनने तिकडे पाहिलंच नाही. तीन बोटं गिटारीवर टेकवली आणि अंगठा सोडला. पहिली तार, दुसरी, विसावा. पुन्हा पहिली. पुढच्या रांगेतले ऐकू लागले, पण मागून ओरड आली, "आवाज नाय येत!" शार्दूल चुकीचा नव्हता, आवाज खरंच पोचत नव्हता. तशात अंगठा वर जाताना तारेत अडकला. तार बद्द वाजली. कोणीतरी फिदीफिदी हसलं, मग हसण्याची साथच पसरली. गुलशनच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच राग येत होता. उठून गेली असती तर कुणीच बोल लावला नसता.

ती उठली नाही. तिने पहिल्यापासून सुरुवात केली.

तेवढ्यात मधल्या रांगेत खुर्ची करकरली. खैरूनआपा उभी राहिली होती, बुरख्याची बाही सावरत.

"काय दात काढताय रे? ऐकू येत नाय तर तोंडं मिटा, येईल ऐकू! ती गुनाह करतेय तर तिचं ती आणि तिचा अल्लाह बघून घेतील. पण माझ्या भावजयीला अर्ध्यावर उठवायचं नाय. आणि ते पंखे बंद करा कोणीतरी!"

पंखे बंद झाले. हॉल असा चिडीचूप झाला की घसा खाकरायलाही माणसं घाबरली.

मग अंगठा खाली आला आणि वर गेला. खाली आला आणि वर गेला. खरखरीत, जाड, तव्याच्या कडेने घासल्यासारखा आवाज शेवटच्या रांगेतल्या भिंतीला लागून परत आला. मधे दोनदा ती चुकली, थांबली नाही. वाजवून झाल्यावर ती वाकलीही नाही. टाळ्या पडल्या तेव्हा ती खुर्ची उचलून निघाली होती.

विंगेत शार्दूल उभा होता. "छान झालं ताई. खरंच. पण पुढच्या वेळी नख लावाच."

"पुढच्या वेळी तू माइक लाव," गुलशन म्हणाली.

बाहेर पडल्या तोवर सूर्य बुडायला आला होता, मगरिबच्या नमाजाची वेळ होत आली होती. जवळच्या ओळखीच्या घरी अंगणात नळ होता. गुलशन वजूला बसली आणि गिटार आपापुढे धरली. "जरा धर. खाली ओल हाय."

आपाने उभ्या जन्मात त्या वस्तूला हात लावला नव्हता. तिने ती तान्ह्या पोरासारखी, पण अंगापासून लांब धरली आणि तोंडाने तौबा तौबा म्हणत राहिली. गुलशनने बाह्या वर केल्या. पाणी अंगठ्यावरून, सोललेल्या नखावरून, टणक कडेवरून खाली गेलं. कुठे अडलं नाही.

"आटप लवकर," आपा कुरकुरली. "हात अवघडले माझे."

"अवघडू दे, आपा. सवय कर. पुढच्या वर्षीही मी पुढंच बसणार."