सातव्या डोक्यावर आलेलं नाव

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आलोय, आधीच सांगतो. सुरतेत सचिन भागातल्या कारखान्यात एम्ब्रॉयडरी मशीन चालवतो, अठरा वर्षं झाली. धागा तुटला तर सुई बघायची, लिंबू बांधायचं नाही — असा माणूस.

मागे एका म्युझियमची ऑर्डर आली. धर्मावरून, जातीवरून जिथे संख्येने थोड्या असलेल्या लोकांना गाठून मारलं गेलं, त्या सगळ्याचं म्युझियम आणि संशोधन केंद्र. मेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावं पांढऱ्या कापडावर भरायची होती. बारा प्रती.

त्यात आमच्या शेजारच्या कमलामासीचा नवराही होता. मासी सीमेपलीकडची. वस्ती पेटवली तेव्हा तान्ह्या रेवाला घेऊन पळाली, नवरा मागे राहिला. इथे लिंबायतला आमच्या मराठी गल्लीत राहून मराठी शिकली. पण नवऱ्याचं नाव काही घेईना! मी चिडलोच. "अहो मासी, सगळ्यांची नावं येतील, तुमच्या यजमानांचंच तेवढं राहील!"

"मेलेलं कुठे बघितलंय मी त्यांना?" ती म्हणाली. "बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. मी नाही घेणार."

चाळीस वर्षं कपाळावर कुंकू, हातात बांगड्या. कागद जळालेले, रेवाताईला नाव ठाऊक नाही. शेवटी मशीनच्या फाईलमध्ये 'रेवाचे वडील' टाकलं.

आता नीट ऐका. मशीनला डोकी बारा, पण फाईल एकच. बाराही सुया एकसाथ तेच अक्षर काढतात, एकीने वेगळं भरायची सोयच नाही... भर दुपारी कापडं उतरवली. अकरांवर 'रेवाचे वडील'. सातव्या डोक्याच्या कापडावर, त्याच जागी, एका पुरुषाचं पूर्ण नाव. टाका एकदम साफ!

मेकॅनिकने मशीन उघडलं, फाईल तपासली. "भाई, आ पॉसिबल ज नथी," हे शक्यच नाही म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला.

मला मेल्याला आनंद झाला. कापड घेऊन तसाच मासीकडे गेलो आणि मोठ्याने वाचलं. तिने झटकन पदर डोक्यावरून पुढे ओढला, नव्या नवरीसारखा.

"मी न सांगता आलं, मग गेलेच म्हणायचे," म्हणाली, आणि बांगड्या काढायला लागली. हात सुजलेले, निघेनात. "साबण आण रे जरा."

आणून दिला. ते नाव कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. आणि मी ते वाचायला हवं होतं का... ते तर मुळीच सांगता येत नाही.