उघाडीवरचा भराव

आमच्या कॉलेजच्या सेक्रेटरीसाहेबांनी चिखलबाईंना फसवलं. चहा पाजून, हात जोडून, गोड बोलून फसवलं. बाई आता नाहीत आणि साहेब अजून व्यासपीठावर बसतात, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

बाई आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या. चिखलबाई हे नाव आम्ही ठेवलेलं. कडक इस्त्रीची सुती साडी, नीट घातलेला अंबाडा आणि पायाच्या नखांत खाडीचा काळा चिखल. सोमवारी पहिल्या तासाला तो हमखास दिसायचा आणि त्यांना त्याची काडीची लाज नव्हती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. कोपरच्या पुढे खाडीकाठी एक बंद पडलेलं मिठागर होतं. ती जागा आमच्या संस्थेला मिळाली होती. मिठागराच्या बांधाला जुनी उघाडी होती, म्हणजे भरतीचं पाणी आत यायची आणि ओहोटीला बाहेर जायची वाट. ती गाळानं बुजली होती आणि आतली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, वाळत चालली होती. बाईंनी आम्हा पोरापोरींना रविवारी तिथे श्रमदानाला बोलावलं. पहिल्या दिवशी आम्ही उत्साहानं गुलमोहराची रोपं घेऊन गेलो. बाई कंबरेवर हात ठेवून हसत सुटल्या.

"ही आपापल्या सोसायटीत लावा," त्या म्हणाल्या. "इथे आपण झाडं लावायची नाहीत. पाण्याला वाट करून द्यायची. झाडं खाडी आणते."

मग आम्ही गाळ उपसायला लागलो. फावडी आणि घमेली बांधकामावरच्या मुकादमाशी हुज्जत घालून मी आणायचो. म्हणून बाई मला दलाल म्हणायच्या. आज वागळे इस्टेटमध्ये माझा स्वतःचा कारखाना आहे, लोक मला शेठ म्हणतात, पण त्या हाकेची सर त्याला नाही.

श्रमदान किती वाजता, हे बाई पंचांगातली तिथी बघून ठरवायच्या, कारण ओहोटी आमच्यासाठी थांबणार नव्हती. विज्ञानाच्या बाई पंचांग उघडून बसतात यावर स्टाफरूममध्ये टवाळी चालायची. खाडीवरही चालायची. तिथे कालवं काढायला येणारी एक कोळीण बाईंना दर वेळी डिवचायची, "रविवारचे मानसा मटन खातान, न् तू पोरांना घेवून चिखल कनाला तुडवतंस?"

"मी शाकाहारी ना गं," बाई म्हणायच्या. मग दोघी हसायच्या आणि एकमेकींना पान द्यायच्या.

उघाडी मोकळी झाली तशी भरतीबरोबर तिवरांची बी आत आली, रुजली. पुढच्या वर्षी पोटरीएवढी झाडं उभी राहिली. बाई नगरपालिकेच्या शाळेतली मुलं घेऊन यायच्या आणि शिकवायला आम्हाला उभं करायच्या. "आठवीतल्या मुलाला सांगता आलं नाही, तर तुला कळलेलं नाही," हा त्यांचा कायदा. तिवराच्या मुळ्या चिखलातून वर का डोकावतात, हे मी असा चिखलात उभा राहून शिकलो. ते झाड मुळ्यांनी श्वास घेतं. त्या सतत पाण्याखाली राहिल्या तर ते गुदमरतं.

हे सगळं साहेबांना ठाऊक होतं. बाईंनी त्यांना दोनदा समजावलं होतं.

जूनमध्ये साहेबांना तिथे वृक्षारोपणाचा समारंभ करायचं सुचलं. मंत्री येणार, मांडव पडणार, पाहुण्यांच्या पायाला चिखल लागता कामा नये. त्यासाठी उघाडीवरच भराव टाकायचा. बाई मला घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. तासभर मी भांडलो. शेवटी दोन गोष्टी कबूल करून घेतल्या: भरावाखाली मोठा पाइप टाकायचा आणि समारंभाच्या दुसऱ्या दिवशी भराव उचलायचा. मी म्हटलं, साहेब, लिहून द्या. साहेब दुखावल्यासारखे बाईंकडे बघायला लागले.

बाईंनीच मला दटावलं. "दलाला, आपल्याच संस्थेच्या माणसाकडून कुणी लिहून घेतं का? ते शब्द देतायत."

मास्तर मंडळींची हीच चूक. ज्या संस्थेत पगार घेतला, त्या संस्थेचा माणूस खोटं बोलेल हे त्यांच्या मनाला शिवतच नाही.

पाइप पडला नाही. मंत्री आले, गुलमोहर लावून गेले. भराव तसाच राहिला. बाई रोज केबिनबाहेर बसायच्या आणि साहेब रोज मीटिंगमध्ये असायचे. पाऊस लागला, आतलं पाणी बाहेर जाईना. शेवटी आम्ही कुदळी घेऊन गेलो, तर तिथे साहेबांनी वॉचमन बसवलेले. बाईंनी साडी खोचून त्यांच्यादेखत भरावावर कुदळ मारली. वॉचमननं ती हातातून काढून घेतली. 

दिवाळीपर्यंत तिवरं काळी पडली. ती मेली, मग जागा ओसाड ठरली, मग सपाट झाली, मग तिथे इमारत उठली. संस्थेच्या अहवालात छापून आलं की विद्यार्थ्यांनी रोपांची निगा राखली नाही. बाईंनी राजीनामा दिला आणि ठाण्याला भावाकडे राहायला गेल्या. मी भेटायला जायचो. बाई सगळ्या पोरापोरींची चौकशी करायच्या, खाडीचं नाव काढायच्या नाहीत.

गेल्या महिन्यात त्या वारल्या. शोकसभेला साहेब अध्यक्ष. डोळे पुसत म्हणाले, "बाईंची झाडं जगली नाहीत, पण त्यांचे संस्कार जगले." टाळ्या पडल्या. मी उठलो, तर दोघांनी मला खांदे दाबून खाली बसवलं.

म्हणून इथे विचारतो. साहेब, झाडं जगली नाहीत, की तुम्ही मारली? पाइप का टाकला नाहीत? भराव कुणाच्या सांगण्यावरून राहिला? मला उत्तर नका देऊ. ज्या पोरापोरींनी दोन वर्षं रविवारी तिथला गाळ उपसला आणि निष्काळजी ठरली, ती आज पन्नाशीला आली आहेत. त्यांना एका हॉलमध्ये बोलवा आणि त्यांच्यासमोर उभं राहून उत्तर द्या.