ब गटातली

अपूर्णांकांची बेरीज आली की सातवीचा निम्मा वर्ग अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळा व्हायचा. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणे दोन पंचमांश! मी चिडायची, खडू आपटायची, पुन्हा पहिल्यापासून शिकवायची, आणि पुन्हा दोन पंचमांशच पुढे यायचे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पनवेलच्या त्या शाळेत माझं तिसरं वर्ष चाललं होतं आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा.

त्या वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हाला कृतिसंशोधन शिकवलं. आपल्याच वर्गातली एखादी अडचण घ्यायची, तिच्यावर उपाय करायचा, आधी आणि नंतर चाचणी घेऊन तो उपाय लागू पडला की नाही ते बघायचं. शिकवणारे सर साधे होते. "दोन गट पाडायलाच हवेत असं काही नाही," ते म्हणाले, "सगळ्यांनाच शिकवा आणि मग तपासा." माझं तेवढ्यावर भागणार नव्हतं. मार्चमध्ये सगळ्या शाळांसमोर सादरीकरण होतं आणि माझ्या कामावर कुणी बोट ठेवायला नको होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी मुलांना फळ्यावर लिहून द्यायची. स्वतः कुठे वाचलं होतं?

गणितात कच्ची अशी वीस मुलं निवडली. त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या माझ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून हलवल्या. पहिल्या दहा निघतील तो अ गट, उरतील तो ब. शाळा सुटल्यावर अ गटाला मी तासभर थांबवायची आणि जुन्या कॅलेंडरांच्या पट्ट्या दुमडून अपूर्णांक शिकवायची. ब गटाला काहीच नाही. दोन महिन्यांनी दोन्ही गटांना एकच चाचणी द्यायची. फरक दिसला म्हणजे माझा उपाय खरा.

रोडपालीहून दोन मुली बरोबर यायच्या. एकीची चिठ्ठी निघाली, दुसरीची डब्यात राहिली. एस.टी.तून कळंबोलीला उतरलं की पुढे ट्रकांच्या रांगांमधून एकटीने चालायचं नाही, असा घरचा दंडक होता. म्हणून ही ब गटातली तासभर पाण्याच्या टाकीपाशी बसून मैत्रिणीची वाट बघायची. खिडकीतून मला तिची पाठ दिसायची.

जानेवारीत तिची आई शाळेत आली. हातांना मिठाच्या चिरा पडलेल्या, पदर खोचलेला.

"बाई, आमच्या पोरीची चिठी नाय निघाली म्हणं."

मी म्हटलं, "चिठ्ठ्या आहेत त्या. माझ्या हातात काय?"

"औंदा नापास झाली तं तिचा बापूस तिला मिठागरावं घेऊन जाणार हाय. त्यानं बोलून ठेवलंय. गणितातच जाते ती. तिला पन बसवा ना. कोपऱ्यात बसंल, बोलनार नाय."

"चाचणी होऊ दे. मग तिलाही शिकवते," मी म्हटलं.

ती "तुमाला बरं दिसंल तसं" म्हणाली आणि गेली. एका मुलीला कोपऱ्यात बसवल्याने आभाळ कोसळणार नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दहाचे अकरा झाले असते, आणि ते अकरा मला अहवालात दाखवता आले नसते.

चाचणीला आठवडा उरला असताना मी वह्या तपासायला घेतल्या. तिच्या वहीतून पट्ट्या पडल्या. माझ्या कॅलेंडरच्या नव्हत्या. सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा तपकिरी कागद कापून, त्याच्या नीट घड्या घालून तिने स्वतः केल्या होत्या. मागच्या पानावर गणितं होती. सगळी बरोबर.

शिक्षिकेला याहून काय हवं असतं? मला मात्र आधी माझा अहवाल आठवला. मी तिला टेबलापाशी बोलावलं.

"हे कुणी शिकवलं?"

"मी नाय विचारलं, बाई. वाटंनं ती बोलते, मी ऐकते."

"हे तुझ्यासाठी नव्हतं. तू ब गटात आहेस. चाचणीत तुझी ही गणितं बरोबर आली ना, तर माझी दोन महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल. कळलं?"

तिने मान हलवली. पट्ट्या मी खणात टाकल्या आणि खण लोटला. तो नको इतक्या जोरात लागला.

चाचणी झाली. तिचा पेपर मी सगळ्यांत आधी उपसून काढला. अपूर्णांकांची पाचही गणितं कोरी होती. मला आनंद झाला. हे लिहायला आज लाज वाटते, पण झाला. वाटेवर ऐकलेलं विसरली असेल, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली. मार्चमध्ये दोन गटांतला फरक बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापकांनी सगळ्यांना पेढे दिले. त्या कौतुकात आणि अभ्यासक्रम संपवायच्या घाईत ब गटाला शिकवायचं राहून गेलं.

मग वार्षिक परीक्षा आली. गणिताच्या दिवशी एक बाई आल्या नाहीत म्हणून माझ्याच वर्गावर मला उभं केलं. शेवटची पंधरा मिनिटं उरल्याची घंटा झाली तेव्हा ती पेनाला टोपण लावून माझ्याकडे बघत बसली होती. मी जवळ गेले. बाकीचं तिने जमेल तसं सोडवलं होतं. अपूर्णांकांचा अख्खा प्रश्न कोरा होता. तेवढ्या गुणांवर ती नापास होणार हे मला न मोजता कळलं. मला तिच्या आईचे हात आठवले. परीक्षेत सांगायचं काही नसतं. मी नुसतं बोट त्या जागेवर ठेवलं.

ती उठून उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, आज येतंय ते लिवलं तं चालंल?"

वर्गात कुणाचं लक्ष नव्हतं. मी "लिही" म्हटलं.

तिने कच्च्या कामाच्या कागदाची कड फाडली, तिच्या घड्या घातल्या आणि लिहायला लागली. मी दाराशी जाऊन व्हरांड्याकडे तोंड करून उभी राहिले. घंटा झाली तेव्हा तिची चार गणितं झाली होती, पाचव्याला वेळ पुरला नाही. चारही बरोबर होती. ती काठावर पास झाली आणि आठवीत गेली.

अहवाल अजून माझ्या कपाटात आहे. त्यातल्या तक्त्यात ब गटात तिच्यापुढे शून्य आहे; ते माझ्या बोलण्यामुळे आलं, हे त्यात कुठेच नाही. कुणी विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आले. ती माझ्यासारखी कुणी विचारायची वाट बघत बसली नाही. तिने उभं राहून विचारलं होतं.