जैदच्या तपासणीची तयारी

दोह्याच्या अल मन्सूरा वस्तीतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर संध्याकाळी चिमुकल्या चपलांचा ढीग पडलेला दिसला, की आत नजमाबाई शिकवीत आहेत असे खुशाल समजावे. चिपळूणला डी.एड. झालेल्या या बाई लग्नानंतर इकडे कतारला आल्या. नवरा, कमाल, मालवाहतुकीच्या कंपनीत कारकून. नजमाबाईंना इथल्या शाळांनी उभे केले नाही, कारण त्यांचे शिक्षण मराठी माध्यमातले, आणि इंग्रजी शाळांना उच्चार आधी लागतो, शिकवता येणे नंतर. मग शेजारपाजारची मुलेच घरी येऊन बसू लागली. परीक्षेत काय विचारतील ते आधी हुडकायचे आणि ते मुलाकडून असे घोटून घ्यायचे की झोपेतून उठवले तरी चुकू नये, ही बाईंची पद्धत. एका हाताने त्या कान पिळीत आणि दुसऱ्याने रव्याचा लाडू देत.

दुसऱ्यांच्या मुलांची अक्षरे वळवणाऱ्या या बाईंच्या स्वतःच्या मुलाला, सात वर्षांच्या जैदला, पेन्सिल मात्र धरवत नव्हती. जिभेने तो तरतरीत होता, पाढे तोंडपाठ होते. पण चार ओळी लिहिल्या की हात दुखून रडू लागे. शर्टाची बटणे अम्मी लावी, घास अम्मी भरवी, बुटांचे बंद अम्मी बांधी. अखेर शाळेने बोलावून सांगितले, की मुलाला ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हाताबोटांना रोजची कामे शिकवणारे उपचार, हवेत. ते सुरू झाले नाहीत तर पुढच्या वर्गात घेता येणार नाही.

"मग तुम्हीच द्या ना शाळेत," नजमाबाई म्हणाल्या.

शाळा म्हणाली, हा वैद्यकीय प्रश्न आहे, विम्यातून करून घ्या. विमा कंपनी म्हणाली, हा शैक्षणिक प्रश्न आहे, शाळेतून करून घ्या. दोन्हीकडचे आवाज अत्यंत विनम्र होते. मुलाची बोटे कोणत्या खात्यात मोडतात हे ठरवण्यात मोठमोठ्या पदव्यांची माणसे गुंतली होती, आणि तोवर ती बोटे जिथल्या तिथे होती. पदरमोड करून उपचार घेणे कमालच्या पगारात बसणारे नव्हते. त्याने फोनवर फोन केले, तेव्हा विमा कंपनीने दार जरासे किलकिले केले: मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी करा, गरज दिसली तर विचार करू.

'तपासणी' हा शब्द कानी पडताच नजमाबाईंमधली शिक्षिका उठून उभी राहिली. शेजारच्या फरहाचा मुलगा त्याच केंद्रात जाऊन आला होता.

"काय काय करायला लावतात गो तिथं?"

"मणी ओवायला देतात, कात्रीनं गोल कापायला, चौकोन-त्रिकोण काढायला. का?"

"का म्हणजे? तयारी नको करून घ्यायला?"

कमाल चहा पिता पिता हसला. "अगो, ती काय स्कॉलरशिप हाय?"

"तुम्ही गप बसा. चार लोकांसमोर माझं पोर उघडं पाडू काय?"

त्या दिवसापासून घरात मण्यांचा पाऊस पडू लागला. जैद रडला, रुसला, "आय हेट बीड्स" म्हणून पलंगाखाली शिरला. लाडू दाखवून त्याला बाहेर काढण्यात आले. मुलाच्या दुखऱ्या बोटांवर आईने फुंकर घातली, तेल चोळले, आणि पुन्हा कात्री हातात दिली. हे सारे तिने मायेनेच केले, यात शंका घेण्याचे कारण नाही.

तपासणीच्या दिवशी जैदने मणी ओवले, गोल कापला, त्रिकोणाला तिन्ही कोपरे काढले. अहवाल आला: हस्तकौशल्य वयानुरूप, उपचारांची आवश्यकता नाही.

"पास झाला!" नजमाबाईंनी मुलाचा मुका घेतला.

कमालने अहवाल दोनदा वाचला. "पास झाला म्हणूनच खलास झालं, नजमा. आता कंपनी कशाला देईल? शाळा तरी कशाला थांबेल?"

बाईंनी अहवाल त्याच्या हातातून घेऊन पुन्हा वाचला. मुलाला वर चढवण्याच्या नादात आपणच त्याच्या पायाखालची शिडी काढून घेतली, हे त्यांना तेव्हा उमगले.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच केंद्रात गेल्या. तपासणी करणारी रिदा हैदराबादची होती. नजमाबाईंनी तिला आपल्या कोकणी वळणाच्या हिंदीत सगळे सांगून टाकले. मणी, कात्री, लाडू, काही राखून ठेवले नाही. रिदा आधी गोरीमोरी झाली, मग तिला हसू आवरेना.

"इतना पक्का सिखाया आपने! मैं भी फंस गई." तिने नवी तारीख दिली. "अबकी बार कुछ मत सिखाइए. और आप हाथ गोद में रखके बैठेंगी. मंजूर?"

या खेपेस टेबलावर मणी नव्हते. एक जाकीट होते, बंद बिस्किटांचा पुडा होता, गळ्यापर्यंत बटणे असलेला सदरा होता. जैदने पुडा ओढला, दाताने धरला, गुडघ्यात दाबला. मग आईकडे पाहिले. "अम्मी, हेल्प."

नजमाबाईंचे हात उठू पाहत होते. त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. मुलगा रडकुंडीला आला, पुडा फुटून बिस्किटे जमिनीवर सांडली, आणि तो घाईघाईने रिदाला म्हणाला, "आय कॅन डू बीड्स! शाल आय शो यू?"

"नहीं बेटा," रिदा हळूच म्हणाली, "बस, यही देखना था."

नवा अहवाल गेला. विमा कंपनीने प्रथम जुना अहवाल पुढे केला, मग आणखी एक सही मागितली, मग एक विभाग दुसऱ्या विभागाची वाट पाहत बसला. पण रिदाने पिच्छा सोडला नाही, आणि अखेर मंजुरी आली. तीही काही महिन्यांपुरती, पुढचे पुढे पाहू या थाटात. शाळेने तेवढ्यावर जैदला पुढच्या वर्गात घेण्याचे कबूल केले.

आता रोज सकाळी दारात तोच प्रसंग असतो. रिदाने बजावले आहे, शर्ट त्याचा तोच घालील. खाली बसचा भोंगा वाजतो, कमाल ओरडतो, "यल्ला, चल लवकर! लाव गो तू, बस जाईल!"

"जाऊ दे," नजमाबाई भिंतीला टेकून म्हणतात. "टॅक्सीनं सोडा त्याला."

जैद जीभ बाहेर काढून बटणाशी झटत असतो. बटण भलत्याच काजात जाते, कॉलर एका बाजूला वर चढते. तो मान वर करून पाहतो. आई वाकते, त्याच्या कपाळावरचे केस मागे सारते, शर्टाला हातही न लावता दप्तर त्याच्या खांद्यावर अडकवते आणि दार उघडते.