वीकनेसची बाटली

'वीकनेस' हा शब्द कुणी उच्चारला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मग समोर पाहुणा आहे की कॉलेजातला सहकारी, हे मी बघत नाही. "वीकनेस म्हणजे नक्की काय होतंय?" असं विचारते, आणि माणूस बिचकतो. बिचकू दे.

शब्द तसा साधा आहे. अशक्तपणा. माणूस येऊन सांगतो की अंगात त्राण नाही, आणि मग डॉक्टरने शोधायचं असतं की ते कशामुळे. रक्त कमी आहे का, साखर वाढली का, थायरॉइड आहे का, हृदयाचं काही आहे का. म्हणजे हे तपासणीच्या सुरुवातीला बोलायचं वाक्य. आमच्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ते शेवटी बोलतात. एकदा वीकनेस म्हटलं की पुढं शोधायचं काही उरत नाही. आणि हा आजार होतो बायकांनाच. पुरुषाच्या छातीत कळ आली की गाडी थेट मिरजेच्या मोठ्या दवाखान्याकडे सुटते. बाई जिन्यात मटकन बसली की वीकनेस.

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, कृष्णाकाठच्या एका गावात दिलं. आमचं माहेर माणदेशातलं, घागरभर पाण्यासाठी चालत जाणारं. बारमाही उसाचं घर मिळालं म्हणून सगळे खूश होते. दाजी सैन्यात होते, सुभेदार होऊन परतले. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. राग जास्त येतो तो त्यामुळेच. त्यांची स्वतःची कंबर धरली तेव्हा ते पुण्याच्या लष्करी दवाखान्यात जाऊन एमआरआय करून आले, आणि कुठल्या मणक्यात किती गॅप आहे हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत बसले. आक्काच्या त्रासाला मात्र कुणी दुसरं नाव शोधलंच नाही.

वैरणीचा भारा घेऊन येताना ती मधेच थांबायची, भिंतीला हात लावून. झोपताना पाठीशी उशांचा ढीग घ्यायची. मी दर खेपेला म्हणायची, "आक्का, सांगलीला चल, एकदा दाखवू." दर खेपेला काहीतरी निघायचं. उसाला तोड आलीय, नवी लागण करायचीय, पाहुणे येणार आहेत. तिच्या सासूबाई तर तोंडावर म्हणायच्या, "आमच्या येळला कुठं हुता वीकनेस? आमी काय दगडाच्या हुतो व्हय?"

आणि ती बाटली. त्या गावची एक रीत आहे. यात्रेच्या आदल्या दिवशी गावातल्या दवाखान्यात बायका सलाईन लावून घेतात. दुसऱ्या दिवशी बकरी पडतात, पै-पाहुणा उसळतो, पहाटेपासून चुलीपुढं भाकऱ्या बडवायच्या असतात. त्यात बाई कोसळू नये म्हणून आधीच एक बाटली. लांबच्या प्रवासाआधी ट्रॅक्टरचं ऑइल बघतात तसं. खाटा भरतात, मग बाकांवर गोधड्या टाकतात. नवरे मोटारसायकलवरून आणून सोडतात आणि न्यायला येताना शहाळं घेऊन येतात. याला तिथं बायकोची काळजी घेणं म्हणतात! त्या बाटलीत मिठाचं पाणी असतं, फार तर साखरेचं. ताटभर आमटी-भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे. हे मी शिकल्यासवरल्या लोकांनाही सांगून बघितलं. ते माझ्याकडे असं बघतात, जणू मी देवाला नावं ठेवली.

एका वर्षी मी यात्रेच्या आदल्या दिवशीच आक्काकडे गेले होते. दुपारी दाजींनी गाडी काढली, आक्का नवं लुगडं नेसून बाहेर आली. मी आडवी गेले.

"दाजी, तिला दम लागतो. बाटलीनं काय होणार? मिरजेला नेऊन हृदय तपासा."

"मॅडम," दाजी हसले. कॉलेजात शिकवते म्हणून ते मला असंच चिडवतात. "आवं, वीकनेस हाय त्यो. लय डोस्क्याला ताप करून घिऊ नका. बाटली लावली की उद्या घोड्यागत पळंल बघा."

"जाऊ दे गं," आक्का मागे बसत म्हणाली. "मला बरं वाटतं."

ती परत आली ती खोकतच. संध्याकाळी मसाला भाजायला बसली आणि तिला श्वास घेता येईना. आधी सगळ्यांना मिरचीचा ठसका वाटला. मग ओठ निळे पडले. ती पाटावर पुढं वाकून बसली होती. आडवं केलं की गुदमरायची. सासूबाई म्हणाल्या, "आणि येक बाटली लावा." तेव्हा मी ओरडले. त्या घरात सुनेच्या माहेरचं माणूस असं कधी ओरडलं नसेल. "बाटलीचं नाव काढलंत तर याद राखा!" यात्रेला आलेल्या एका पाहुण्याच्या गाडीत तिला घातलं आणि आम्ही मिरजेला निघालो. दाजी पुढं बसले, आक्का माझ्या खांद्याला टेकून.

मिरजेच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, अंगातलं पाणी उतरायची इंजेक्शनं दिली, हृदयाची सोनोग्राफी केली. मग दाजींना विचारलं, "काय त्रास होता यांना?"

"वीकनेस," दाजी म्हणाले.

"ते कळलं. त्रास काय होता?"

एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोच्या दुखण्याबद्दल दाजींजवळ तेवढा एकच शब्द होता. दम, भारा, उशा, हे सगळं मी सांगितलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. आला होता, आईनं निर्गुडीचा पाला बांधला होता. त्या तापानं हृदयाची एक झडप आकसली होती. रक्त पुढं सरकायचं नाही, फुफ्फुसात तुंबायचं. तशात शिरेतून वरून पाणी सोडलं. "सलाईननंच जीव गेला असता," डॉक्टर म्हणाले. दाजी भिंतीला टेकून खाली बसले. मला दया यायला हवी होती. आली नाही.

पुढं मांडीच्या शिरेतून फुगा घालून ती झडप रुंद केली. आक्का वाचली. तिला मी सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या घरी आणलं, आणि ती जरा हिंडूफिरू लागल्यावर तिच्यावरच घसरले. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं बाहेर पडलं.

"दाजींचं सोड. तुला तरी कळत होतं की नाही? त्या बाटलीनं तुझा दम एकदा तरी कमी झाला का?"

ती लसूण सोलत बसली होती. वर न बघता म्हणाली, "कमी कुठला हुतोय. उलट वाढायचा."

"मग दरवर्षी नटून गाडीवर बसायचीस कशाला? मरायला?"

"वरडू नगं. बाटली लावली की पडायला मिळायचं. ती संपस्तवर कोण हाक मारत न्हाई, कोण उठीवत न्हाई. सासू सुदीक न्हाई. सगळ्या त्यासाठीच येत्यात गं, मी एकलीच हाय व्हय?" तिनं सोललेला लसूण वाटीत टाकला आणि पुढची पाकळी घेतली. "मी तर त्या नर्सबाईला सांगायची, बाई, जरा सावकाश सोड."