नुसतं नाव

माझं काम म्हणजे पेशंटच्या डोक्याला वायरी चिकटवायच्या, कानाशी आवाज ऐकवायचे आणि मेंदू काही उत्तर देतो का ते पडद्यावरच्या रेघेत बघायचं. वडगावजवळच्या एका दवाखान्यात मी हे करते. स्वभाव आधीच तापट, त्यात त्या दिवशी बाहेर चार पेशंट ताटकळत बसलेले.

पवना धरणाच्या बाजूच्या एका आबांना आणलं होतं. मेंदूत रक्तस्राव होऊन वरचा थर बराच निकामी झालेला. डोळे उघडे, पण ओळख कशाचीच नाही. यांना ऐकू येतं का, एवढंच त्यांच्या बायकोला हवं होतं. अशा वेळी आम्ही पेशंटचं नाव घरच्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करून पुन्हापुन्हा ऐकवतो. इतर आवाजांपेक्षा आपलं नाव मेंदू पटकन पकडतो.

मी म्हटलं, "मावशी, यांचं नाव घ्या."

त्यांनी पदर सावरला आणि चक्क उखाणा सुरू केला.

"अहो, उखाणा नको! नुसतं नाव."

"नुसतं कसं घिऊ वो बाई? त्यांचं आयुष्य कमी व्हतं. मी आपली 'अवो' म्हनून हाक मारते, तशी मारू?"

मी घरी नवऱ्याला अरे-तुरे करते. मला हसूही आलं आणि रागही. "मावशी, त्यांना बरं करायचंय ना? मग घ्या."

भिंतीकडे तोंड करून त्यांनी नाव घेतलं. आवाज घाबरलेला, पार परका.

ते शंभरदा ऐकवलं. उत्तराची रेघ सपाट.

"बाई, येकदा माझ्या पद्धतीनं हाक मारून बघू का?"

मी वायरी काढून आबांच्या केसांतली पेस्ट पुसत होते. "झालं आता, मावशी," म्हटलं आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, प्रतिसाद नाही. जळलं मेलं ते माझं शहाणपण! जन्मभर ज्या हाकेला ते ओ देत आले, तीच मी ऐकवली नाही.

काही महिन्यांनी मावशी कामशेतच्या बाजारात भेटल्या. कपाळ मोकळं होतं. मी नजर चुकवून पुढे निघाले.

त्यांनीच हात धरला. "बाई, खरं सांगा. त्या दिवशी त्यास्नी ऐकू गेलं न्हवतं ना?"

रेघ सपाट आली म्हणजे माणसानं ऐकलंच नाही असं नसतं. मशीनला काही सापडलं नाही, एवढंच. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी ठासून सांगितलं, "नाही मावशी. एक अक्षरही नाही."

"लय बरं झालं. म्या नाव घेतलेलं त्यास्नी कळलं न्हाई." त्यांनी पिशवी उचलली, दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. "मंग घरी नेल्यावर मी रोज उशाशी बसून 'अवो, अवो' करत बोलायचे, त्येबी न्हाई व्हय?"

तेवढंच तर मी मोजलं नव्हतं.