न वाजलेला अलार्म

आमची वहिनी भित्री. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारी. दादा तिला ‘भागूबाई’ म्हणतो आणि थट्टेत मीही मागे नसायचो. कॉम्प्युटरपुढे मात्र तिला कशाचीच भीती वाटत नसे.

ती सांभाळायची ते हॉस्पिटलचे कॉम्प्युटर म्हातारे झाले होते, नवे कोणी घेऊन देईना. म्हणून तिने त्यांच्यावर चक्क मोबाइलची सिस्टिम बसवली. बोटाचं काम माउसला शिकवलं, उभी चिंचोळी खिडकी ताणून पडदाभर केली. नर्सना काहीच शिकवावं लागलं नाही. फोन काय, सगळ्यांच्याच हातात.

नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेरच्या टेबलावर असाच एक कॉम्प्युटर होता. आत एखाद्या बाळाचा ऑक्सिजन उतरला की तो वाजायचा. बाळांची झोप मोडू नये म्हणून आवाज बाहेरच ठेवला होता. त्या दुपारी मी घराची चावी द्यायला गेलो, तेव्हा वहिनी तिथेच उभी होती.

“आज बाळं कशी गुणी आहेत बघा,” त्याच कॉम्प्युटरवर रजेचा अर्ज भरता भरता नर्स म्हणाली. “सकाळपासून एकदासुद्धा वाजला नाही.”

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. पडद्यावर अर्ज होता, म्हणजे अलार्मचं ॲप मागे गेलं होतं. मागे पडलेल्या ॲपला मोबाइलची सिस्टिम झोपवून टाकते, बॅटरी वाचावी म्हणून. या खोक्याला बॅटरी नव्हतीच. पण जित्याची खोड!

“आत जा! आधी आत जा!” वहिनी किंचाळली.

एक बाळ निळं पडलं होतं. नर्सने त्याच्या नाकाची नळी सरळ केली, पाठ चोळली, पुन्हा चोळली. आम्ही काचेबाहेर. वहिनीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिची नखं रुतत होती. बाळ हलेना. मग एकदाचं ते रडलं.

त्याची आई धावत आली. नर्सने तिला काय सांगितलं कोण जाणे, तिने वहिनीचे दोन्ही हात धरले. “ताई, तुम्ही होतात म्हणून वाचलं हो माझं बाळ.”

मी वहिनीला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. तिची नोकरी जाईल अशी मला भीती वाटत होती.

“अलार्म वाजला नाही तो माझ्यामुळेच,” वहिनी म्हणाली. “ती सिस्टिम मीच बसवलीय.”

बाईने हात सोडले. ती काचेपाशी गेली आणि वहिनीला बाळ दिसू नये अशी आडवी उभी राहिली.